वळचणीचं झाड

गेल्या आठवड्यात वळीव झाला, टपोऱ्या थेंबांचा, गारा नव्हत्या पण पत्र्यावर आवाज असा की टीव्हीतलं काही ऐकू येईना, आणि मी ताटावरून तशीच उष्ट्या हातानं गच्चीकडं पळाले. ह्यांनी खालून विचारलं, वाळवण घातलंयस काय वर? म्हटलं वाळवण नाही, सेम्पर आहेत. पापड भिजले असते तर एवढी पळाले नसते असं सासूबाई म्हणाल्या, आणि ते खरंच आहे, पापड परत करता येतात.

सेम्पर म्हणजे सेम्परव्हायव्हम. नाव लॅटिन आहे, अर्थ सरळ, सेम्पर म्हणजे सदा आणि व्हायव्हम म्हणजे जिवंत. युरोपातल्या डोंगरांतलं झाड, आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन, तिकडं तुर्कस्तान आणि कॉकेशसपर्यंत, खडकाच्या फटीत मूठभर माती असली की पुरे. दिसायला कमळासारखं, जाड पानांची एकात एक बसलेली चकती, बोराएवढ्यापासून बशीएवढ्यापर्यंत. बर्फाखाली महिनोनमहिने गाडलं गेलं तरी वसंतात जसंच्या तसं वर येतं, उणे वीस-पंचवीस डिग्री म्हणजे त्याला काहीच नाही. इंग्रजी बागकामाच्या व्हिडिओत सगळे एकच सांगतात, हे झाड मारून दाखवा, हार्डी म्हणजे किती हार्डी.

तर मी मारून दाखवलं. एक नाही, सहा.

सुरुवातीपासून सांगते. २०१९ च्या फेब्रुवारीत मी ऑनलाइन एक ‘हार्डी सक्युलेंट कॉम्बो’ मागवला, सक्युलेंट म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, सहा रोपं. गच्चीवर ऊन भरपूर, बेळगावची हवा थंड, लहानपणापासून ऐकलेलं की हे गरिबांचं महाबळेश्वर, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, डिसेंबरात पहाटे दूध आणायला जाताना कानटोपी लागते, मग डोंगरातल्या झाडाला इथं कसली अडचण. रोपं आली, शेतातनं आणलेल्या काळ्या मातीत शेणखत घालून लावली, आणि रोज संध्याकाळी मग्गाभर पाणी. आता लिहितानासुद्धा लाज वाटते पण तेव्हा मी जास्वंदीला जे करत होते तेच ह्यांनाही करत होते.

सासूबाई, म्हणजे आम्ही सगळे आईच म्हणतो, खानापूर तालुक्यातल्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं हे, कोबीच्या गड्ड्यागत? ह्याला पैसे घालून आणलीस व्हय?" मी त्यांना नावाचा अर्थ सांगितला, सदाजिवंत. त्यांनी फक्त "बघू की" म्हटलं.

जूनपर्यंत ठीक होती. जुलैत दोन गेली. आणि मग ऑगस्ट. त्या ऑगस्टचं बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, जिल्हाभर पूर, कित्येक घरात पाणी, आमच्या गल्लीत गुडघाभर, तीन-चार दिवस लाइट नाही, कुंड्यांकडं बघायला कुणाला सवड होती. पाऊस उघडल्यावर वर गेले तर उरलेली चारही बसली होती. बसली म्हणजे खरंच बसली, बोट लावलं तर चकती देठापासून सुटून हातात आली, खाली काळा चिखल, वास तर विचारू नका, सडलेल्या कांद्याचा असतो तसा. आई मागं उभ्या होत्या. "अमर म्हणालतीस न्हवं?"

त्याच गच्चीवर, त्याच पावसात, कोपऱ्यातल्या फुटक्या डब्यात एक पानफुटी उभी होती. कुणी लावलेली नाही, कधी पाणी घातलेलं नाही, कठड्याला टेकून मस्त वाढलेली. मला तेव्हा माहीत नव्हतं पण नंतर वाचलं की ही दोघं एकाच कुळातली, क्रॅसुलेसी. म्हणजे चुलत भावंडं म्हणा. एक बर्फात मरत नाही पण आमच्या श्रावणात सडतं, दुसरं श्रावणात तरारतं पण बर्फात एक रात्र काढणार नाही. हार्डी हा शब्द कुणी लिहिला आणि कुठं बसून लिहिला हे आधी विचारायला पाहिजे होतं. ज्यानं लिहिला त्याच्यापुढं थंडीचा प्रश्न होता, माझ्यापुढं पावसाचा. खानापूरच्या पलीकडं कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस ज्यानं बघितलाय त्यानं झाडाला हार्डी म्हणायचं तर वेगळं काहीतरी तपासलं असतं.

दोन वर्षं मी नाद सोडला. पण वाचत राहिले, आणि वाचताना पहिली गोष्ट कळली ती अशी की माझ्या त्या सहामधली चार तर सेम्परव्हायव्हम नव्हतीच! फोटो जुने काढून बघितले. एचेव्हेरिया होती, मेक्सिकोकडची, दिसायला अगदी तशीच कमळं. आपल्याकडं निम्म्या वेळा सेम्परच्या नावानं हीच विकतात, कधी मुद्दाम आणि कधी विकणाऱ्यालाच माहीत नसतं म्हणून. ओळखायचं कसं ते सांगते कारण मला हे कुणी आधी सांगितलं नाही. सेम्परची पानं पातळ असतात, टोकदार, आणि पानाच्या कडेला बारीक लव असते, भिंग नसलं तरी उजेडात आडवं धरून बघितलं की दिसते. पिल्लं येतात ती आईच्या पोटाखालनं दोरीसारखा देठ काढून, लांब जाऊन बसतात, इंग्रजीत म्हणूनच ह्याला कोंबडी आणि पिल्लं म्हणतात. एचेव्हेरियाचं एक पान तोडून मातीवर टाकलं तर त्याला रोप फुटतं, सेम्परचं पान टाकलं तर बहुतेक वाळून जातं. आणि फूल. एचेव्हेरियाचा दांडा बाजूनं येतो, फुलून झालं की झाड आपलं चालू. सेम्परचा दांडा मधोमध उठतो, सगळी चकतीच लांब होत वर जाते, फुलते आणि मग ती चकती मरते. कायमची.

हे मी आईंना सांगितलं, की बघा तीन-चार वर्षांनी एकदा फुलतं आणि मरतं, म्हणून नाव अमर कसं ठेवलं कुणास ठाऊक. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "केळीगत की मग. घड दिला की खुंट तोडायचा, बाजूचा फुटवा वाढवायचा. केळीची बाग मरती व्हय कधी?" मी इंग्रजीत चार पानं वाचून जे कळलं नव्हतं ते ह्या बाईनं भाकरी थापता थापता सांगितलं. जांबोटीकडच्या रानातली कारवीपण तशीच, सात-आठ वर्षांनी डोंगर निळा करून मरते.

दुसऱ्यांदा मागवली ती कालिम्पाँगहून, तिकडं निवडुंग-सक्युलेंटच्या नर्सऱ्या पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२१. पार्सल यायला आठ दिवस लागले, पेपरात गुंडाळलेली, माती नाही, मुळं सुकलेली, मला वाटलं गेली. पण हे झाड असं आठ दिवस कोरडं राहण्यात पटाईत, ओलं राहण्यातच कच्चं. पाच रोपं होती. त्यातलं एक कोळ्याच्या जाळ्यासारखं, पानांच्या टोकांवर पांढरे धागे ताणलेले, अरॅक्नॉइडियम म्हणतात. आमच्या कामवाल्या मावशींनी ते दोनदा झाडूनं पुसून काढलं, जळमट समजून. त्यांची चूक नाही, मीपण पहिल्यांदा फुंकर मारली होती.

ह्या वेळी नर्सरीवाल्या एका आजोबांना आधी विचारलं. कन्नड माणूस, मराठी समजतात पण बोलतात कन्नडच, आमचं दोघांचं असंच चालतं, मी मराठीत विचारणार ते कन्नडात सांगणार. त्यांनी रोप हातात घेतलं, उलटं करून मुळं बघितली आणि एवढंच म्हणाले, "भाळ नीर हाकब्याड्री, अक्का." फार पाणी घालू नका. बास. फुकटचा सल्ला आणि मागं एक कढीपत्त्याचं रोप विकलं मला.

मातीचं सांगते, कारण खरा घोळ तिथंच होता. काळी माती भाताला चांगली, ह्याला नाही, एकदा भिजली की आठवडाभर ओल धरते. खानापूरला आईंच्या माहेरचं घर पाडून स्लॅब घातला तेव्हा जुनी कौलं परसात रचून ठेवलेली होती, त्यातली फुटकी पोतंभर मी आणली. बसमध्ये कंडक्टरनं त्याचं लगेज लावलं ते वेगळं. ती हातोड्यानं बारीक केली, हरभऱ्याएवढे तुकडे, आणि धूळ चाळून धुवून काढली. धूळ ठेवली तर ती ओली होऊन सिमेंटसारखी बसते, हे पहिल्या कुंडीत शिकले. तीन वाट्या कौलाचा चुरा आणि खडी, एक वाटी जांभ्याची लाल माती, चिमूटभर चाळलेलं जुनं शेणखत. खत जास्त नको, पोसलं की पानं फुगतात आणि फुगलेलं पान आधी सडतं. कुंडी उथळ, मातीची, खानापूरच्या कुंभारांकडची, खाली एक नाही तीन भोकं. पाणी घातलं की दहा मोजेपर्यंत खालून बाहेर आलं पाहिजे.

एवढं करूनही २०२२ च्या जूनला मला धडकी होती, कारण माती कितीही चांगली असली तरी वरून चार महिने पडायचं थांबणार थोडंच. चकतीच्या मध्ये पाणी साठतं, वर हवा उबदार आणि दमट, बुरशीला अजून काय पाहिजे. आल्प्समध्येही पाऊस पडतो पण तो गार पाऊस, आणि वाऱ्यानं लगेच वाळतं. मी घरात खिडकीत ठेवायचं म्हणाले तर आठवड्यात पानं लांबट, फिकट, उजेड नाही.

इथं कहाणीत आई परत येतात. एका रात्री वीज कडाडत होती आणि मी त्यांना गंमत म्हणून वाचलेलं सांगत होते, की युरोपात हे झाड लोक मुद्दाम घराच्या छपरावर लावायचे, वीज पडू नये म्हणून. शार्लमेन नावाचा राजा होता, साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराचा, त्याच्या नावावर जी शेतवाडीची नियमावली आहे त्यात लिहिलंय की माळ्यानं आपल्या घरावर ‘ज्युपिटरची दाढी’, म्हणजे हेच झाड, लावावी. ज्युपिटर म्हणजे त्यांचा विजेचा देव, आपला इंद्र म्हणा. आणि लिनियसनं १७५३ मध्ये ह्याच्या सगळ्यात नेहमीच्या जातीला नाव दिलं तेच टेक्टोरम, म्हणजे छपरांचं.

आता आमच्या आई पायाळू. जन्मताना पाय आधी. पायाळू माणसावर वीज पडते असं आपल्याकडं म्हणतात, म्हणून लहानपणी पावसात त्यांना कधी शेतात जाऊ दिलं नाही, आणि अजूनही गल्लीत कुणाची कंबर लचकली, उसण भरली की आईंच्या लाथेला बोलावणं येतं, त्या जाऊन हळूच पाय लावून येतात आणि बिस्किटाचा पुडा घेऊन परत. तर त्यांनी हे विजेचं ऐकलं आणि पहिल्यांदा त्या कोबीच्या गड्ड्याकडं नीट बघितलं. सकाळी उठून बघते तर एक कुंडी गच्चीवरून गायब. आईंनी ती मागच्या जुन्या कौलारू खोलीच्या वळचणीला, भिंतीतल्या कोनाड्याच्या फळीवर नेऊन ठेवलेली. छपरावर चढता येत नाही म्हणून छपराखाली, हा त्यांचा हिशोब.

मी काही बोलले नाही. जुलै गेला. माझ्या गच्चीवरच्या चारमधलं एक बसलं, दोन खालून काळी पडायला लागली. आईंची कुंडी टुणटुणीत! वरून थेंब नाही, कौलं दोन हात पुढं आलेली, पागोळ्या समोर पडतात पण आत येत नाहीत, आणि पूर्वेकडचा उजेड सगळा मोकळा, वारा दोन्ही बाजूनं. आमच्याकडं वळचणीला काय ठेवतात, सरपण, फुटकी बादली, सायकल, न लागणारं सगळं. माणसालासुद्धा वळचणीला टाकलं म्हणतात. आणि तीच जागा घरात एकटी अशी की पाऊस असताना उजेड कोरडा मिळतो. मी सगळ्या कुंड्या खाली आणल्या.

त्या दोन काळ्या पडलेल्यांचं ऑपरेशन केलं. ब्लेडनं देठ वर वर कापत जायचं, आतलं गोल पांढरं स्वच्छ दिसेपर्यंत, एक काळा ठिपका राहिला तरी परत चढतं. मग कोरड्या कागदावर चार दिवस तसंच ठेवायचं आणि नंतर कोरड्या चुऱ्यावर नुसतं बसवायचं, पुरायचं नाही. मी कापल्या जागी हळद लावली. गुण हळदीचा की वाळवण्याचा माहीत नाही, एक जगलं.

उन्हाळा दुसरी परीक्षा. एप्रिलमध्ये इथं पस्तीस-छत्तीसपर्यंत जातं, तेव्हा सेम्पर मिटून घेतं, पानं आत वळवून मुठीसारखं होतं, बाहेरची पानं वाळतात. बघून जीव कळवळतो आणि हात मग्गाकडं जातो. नको. ते तहानलेलं नसतं, झोपलेलं असतं, तापल्या मातीत पाणी पडलं की उकडून निघतं. सकाळचं ऊन दहा-अकरापर्यंत, नंतर ग्रीन नेट, पाणी दहा-बारा दिवसांनी आणि तेही दिवस मावळल्यावर कडेकडेनं. माझी मावसबहीण चिकोडीला असते, तिला मी दोन पिल्लं दिली होती, ती मे महिन्यात गेली, तिच्याकडं रात्रसुद्धा तापलेली असते.

रात्रीचं महत्त्व का, ते मला पानफुटीनं समजावलं. ह्या कुळातली झाडं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात, पाणी उडू नये म्हणून, आणि रात्री उघडतात. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आंबट ॲसिड करून साठवतात, दिवसा दारं लावून त्याचं अन्न करतात. कुळाच्याच नावावरून त्याला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम म्हणतात. आणि हे लक्षात कसं आलं, तर चव घेऊन! बेंजामिन हाइन म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतीवाला होता, टिपू पडल्यावर बेंगळुरूची लालबाग काही वर्षं त्याच्याकडं होती, त्याचं एक पत्र १८१५ मध्ये लंडनला छापलं गेलं, त्यात त्यानं लिहिलंय की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी जरा कडवट. आम्ही मायलेकींनी करून बघितलं, नुसतं टोक चावून थुंकायचं, गिळायचं नाही. सकाळी सहाला चुक्यासारखं आंबट. दुपारी दोनला ओल्या कागदासारखं. लेक म्हणाली शाळेत हे का शिकवत नाहीत, आम्ही फक्त पान वहीत ठेवून फुटवे मोजतो. म्हटलं मीपण तेच केलं, माझ्या आईनंपण.

म्हणजे रात्र हीच ह्यांची कामाची वेळ. रात्र गार असली तर ठीक, रात्र उकडली तर कमावण्यापेक्षा खर्चच जास्त. त्या हिशोबानं बेळगाव वाईट नाही, उन्हाळ्यातसुद्धा रात्री वारा सुटतो. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर विचारूच नका, ऊन कोवळं, रात्र गार, तेव्हा एक जात पूर्ण कोकमासारखी लाल होते आणि दुसरीच्या पानांची टोकं तेवढी जांभळी. तेच झाड जूनमध्ये परत हिरवं. बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे दुसरं आणलंत काय?

पिठ्या ढेकूण येतो, पानांच्या बेचक्यात कापसासारखा, तो काडीला कापूस लावून स्पिरिटनं पुसायचा. मुंग्या दिसल्या की समजायचं आत कुठंतरी तो आहे. ह्याच्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांनाच माहीत असतं.

तर आता हिशोब असा की पाचमधली तीन आई-रोपं उरली आणि त्यांची पिल्लं धरून एकवीस कुंड्या झाल्या, सगळ्या वळचणीला. सायकल आता अंगणात भिजते, त्यावरून घरात बोलणी होतात. वळचणीचं पाणी आढ्याला गेलं म्हणतात तसं आमच्यात झालंय, मी आणलेल्या झाडांवर आता मालकी आईंची, पाणी कधी घालायचं हे मी विचारून घालते. गच्चीवर आता फक्त नवीन तोडलेली पिल्लं असतात, ऊन खायला ठेवलेली, परवा वळवात पळाले ती त्यांच्यासाठीच.

एक मात्र चाललंय. आईंची जी पहिली कुंडी, कोनाड्यातली, तिचा मधला भाग पंधरा दिवस झाले वर उठतोय. चकती आता चकती राहिली नाही, शंकूसारखी दिसते. उजेड कमी पडून लांबलंय की फुलायला निघालंय ते मला ठरवता येईना. इथं त्याला पुरेशी थंडी मिळत नाही, फुलणार नाही असंच मी धरून चालले होते. पानं अजून घट्ट आहेत, फिकट नाहीत, म्हणजे दांडाच असावा. आईंना म्हटलं फुललं तर जाणार हो ते, तुमचं विजेचं. त्यांनी कुंडी फिरवून खालची पिल्लं मोजली, सात भरली, आणि विचारलं, "फूल कुठल्या रंगाचं असतंय?"

गुलाबी, म्हटलं. एका फुलाला दहा-बारा पाकळ्या.

आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या तिथं उभ्या असतात.